पुराचा आकडा, पोटातला गोळा आणि उपनिषदातला उपवास

पावसाळ्यात सांगलीत एक आकडा घरोघरी फिरतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, हा तो आकडा. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो ५७ च्या घरात गेला होता. तो पूर ज्यांनी गावभागात, सांगलीवाडीत किंवा सूर्यवंशी प्लॉटमध्ये भोगला, त्यांच्यातल्या कित्येकांना आजही ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’ एवढा निरोप मोबाईलवर आला की धडधडायला लागतं. तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो, रात्री दोन-दोनदा उठून दाराबाहेर डोकावलं जातं. पाणी मात्र अजून नदीच्या पात्रातच असतं. शरीरापर्यंत पोचलेला असतो तो नुसता निरोप.

मन आणि शरीराचं नातं म्हणजे नेमकं काय, ते या निरोपाच्या प्रवासात दिसतं. या विषयावर बोलताना बहुतेक लोक आधीच वाटणी करून टाकतात. शरीर डॉक्टरकडे, मन अध्यात्माकडे. ही वाटणी विज्ञानाला मान्य नाही, आणि गंमत म्हणजे आपल्या जुन्या दर्शनांनाही मान्य नाही. सांख्य, योग, उपनिषदं यांनी मनाला शरीराच्याच पंगतीला बसवलं आहे. विज्ञान आणि अध्यात्म यांचं भांडण आहे, पण ते वेगळ्याच जागी आहे. तिकडे यथावकाश येऊ.

निरोप पोटापर्यंत कसा पोचतो

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. समोर आलेल्या गोष्टीत धोका आहे का, हे तो जुन्या आठवणींशी ताडून पाहतो. आकडा पाहिला, २०१९ आठवलं, की त्याच्याकडून हायपोथॅलॅमसला इशारा जातो आणि तिथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट मज्जातंतूंची. अनुकंपी चेतासंस्था सेकंदाच्या आत हृदयाची गती वाढवते आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना अ‍ॅड्रिनॅलिन सोडायला लावते. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, आतड्यांकडचं कमी होतं. पचन थांबतं, आणि त्यालाच आपण पोटात गोळा आला म्हणतो. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. मधुमेहाच्या माणसाची साखर काळजीच्या दिवसांत, औषध आणि जेवण तेच असूनही, चढलेली दिसते ती यामुळेच. अशा वेळी ‘गोड खाल्लंस का?’ म्हणून घरच्यांनी उलटतपासणी घेण्यात अर्थ नसतो.

दुसरी वाट रक्तातून जाते आणि सावकाश चालते. हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरी ग्रंथीला, तिच्याकडून अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थराला निरोप, आणि तिथून कॉर्टिसॉल. याला काही मिनिटं लागतात, आणि ते लगेच ओसरतही नाही. थोडं कॉर्टिसॉल रोज लागतंच. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत जास्त असतं. अडचण होते ती दिवसचे दिवस पातळी चढी राहिली की.

अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये या पहिल्या वाटेचं ‘लढा किंवा पळा’ असं वर्णन केलं. वाघ समोर आला तर ही व्यवस्था उत्तम. पण पुराचं पाणी चार-चार दिवस चढत राहतं, कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा वर्षानुवर्षं चालते. तिथं ना लढता येतं, ना पळता.

या शेवटच्या उदाहरणावर एक नेमका अभ्यास झालेला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तो भार नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. भार नसलेल्यांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, सेवा करणाऱ्यांची जवळपास ४९ दिवसांत. जखम भरण्याच्या सुरुवातीला प्रतिकारशक्तीच्या पेशी काही रसायनं सोडतात. सेवा करणाऱ्या स्त्रियांमध्ये त्यातलं एक रसायन कमी बनत होतं. ‘मनाचा ताण’ हा शब्द हवेतला वाटतो, पण त्याचा हिशेब कातडीवर दिवसांत मांडता येतो.

हृदयावरही तो दिसतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ताकोत्सुबो नावाचा विकार नोंदवला. जवळच्या माणसाच्या मृत्यूसारखा धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगतो, छातीत दुखतं, ईसीजी हार्ट अटॅकसारखा येतो. पण अँजिओग्राफीत तो अटॅक समजावा असा अडथळा सापडत नाही. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया असतात आणि बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. तरीही हे ठरवणार अँजिओग्राफी, आपण नव्हे. छातीत दुखणाऱ्या बाईला ‘टेन्शन घेतलंस’ म्हणून घरी झोपवणं ही आपल्याकडची जीवघेणी सवय आहे. मधुमेही माणसाला तर अटॅकमध्ये दुखेलच असंही नाही; नुसता घाम, धाप, मळमळ असू शकते. आधी ईसीजी, मग चर्चा.

उलटी वाट: शरीराकडून मनाकडे

मनामुळे शरीर बिघडतं हे आता सगळेच म्हणतात. उलट दिशेची वाट मात्र घरोघरी दुर्लक्षित राहते. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू हुकूम खाली नेत नाहीत; ते आतड्यांची, हृदयाची, फुप्फुसांची खबर वर मेंदूला देतात.

ताप आल्यावर काही नको वाटतं, बोलायला नको, जेवायला नको, दिवाबत्तीसुद्धा डोळ्यांना नको. जंतू मेंदूत गेलेले नसतात. प्रतिकारशक्तीच्या पेशींनी सोडलेली सायटोकाइन्स मेंदूला ‘पडून राहा’ असं कळवतात. हीच व्यवस्था औषधानेही चालू होते: काविळीच्या ‘सी’ प्रकारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, आणि त्यामुळे बऱ्याच रुग्णांना खरोखरचं नैराश्य येत असे.

म्हणून उदास, चिडचिडं, विसराळू झालेल्या माणसाला प्रवचनाला किंवा समुपदेशकाकडे नेताना एका रक्ततपासणीचाही विचार करावा. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), साखर आणि बी-१२. थायरॉईड मंदावला की माणूस सुस्तावतो, थंडी सहन होत नाही, वजन वाढतं, मन बसतं. साखर ७० च्या खाली गेली की थरथर, घाम, भीती, चिडचिड, हे सगळं हुबेहूब घबराटीच्या झटक्यासारखं दिसतं. बी-१२ चा मुद्दा आपल्या भागात जरा जास्त महत्त्वाचा. माळकरी घरांत पिढ्यान् पिढ्या मांस-मासे-अंडी नसतात, आणि हे जीवनसत्त्व फक्त प्राणिजन्य अन्नातून मिळतं. दूध-दही मुबलक नसेल तर तूट पडते. त्यात मधुमेहावरची मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर आणखी. पायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत आणि लाल होणं, विसरणं, खिन्नता ही लक्षणं. पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू करतात, आणि माणूस बदलल्यासारखा वाटतो. त्यासाठी माळ उतरवावी लागत नाही.

श्वेतकेतूचे पंधरा दिवस

शरीराकडून मनाकडे जाणाऱ्या या वाटेवरचा एक फार जुना प्रयोग छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. उद्दालक आरुणी मुलाला, श्वेतकेतूला, सांगतात: खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात, जाड भागाचं मळ, मधल्याचं मांस, आणि सर्वांत सूक्ष्म भागाचं मन. मुलाला हे पटत नाही. मग ते नुसतं समजावत बसत नाहीत. पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी हवं तेवढं पी, असं सांगतात. पंधरा दिवसांनी ऋचा, यजू, साम म्हणायला लावतात. बारा वर्षं गुरूकडे शिकून आलेल्या मुलाला एकही आठवत नाही. ‘जा, जेव’, म्हणतात. जेवून आल्यावर विचारलेलं सगळं तो म्हणून दाखवतो.

आजच्या भाषेत: मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीतही तो एकूण ऊर्जेच्या जवळपास २० टक्के खातो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. उपास लांबला की यकृत चरबीपासून कीटोन बनवून मेंदूला जगवतं, पण एकाग्रता आणि स्मरण ढासळू शकतं. एका मुलावरचा हा प्रयोग आजच्या कसोटीवर पुरावा ठरत नाही, आणि उद्दालकांना ग्लुकोज माहीत होतं असं म्हणणं हा निव्वळ पोकळ अभिमान. दखल घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे: अध्यात्माच्या मूळ ग्रंथात मन हे अन्नापासून घडलेलं, उपाशी ठेवलं तर मंदावणारं, परत खायला दिलं तर जागं होणारं मानलेलं आहे. अगदी जड पदार्थासारखं.

जाता जाता व्यवहाराची गोष्ट. आषाढी एकादशी किंवा नवरात्रात उपास करणाऱ्या मधुमेह्यांनी, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणाऱ्यांनी, डोस किती आणि कधी ते डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावं. गोळी नेहमीची आणि पोट रिकामं, म्हणजे साखर खाली जाण्याची हमी. दुपारी एकदम साबुदाण्याची खिचडी भरपेट, म्हणजे वर जाण्याची. उपासाच्या दिवशी थरथर-घाम सुरू झाला तर तो ‘देवाचा कौल’ समजू नये. तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना.

भांडण नेमकं कुठं आहे

युरोपात रेने देकार्तनी सतराव्या शतकात जगाचे दोन भाग पाडले: जागा व्यापणारं शरीर, आणि जागा न व्यापणारं, विचार करणारं मन. मन म्हणजेच आत्मा. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये त्यांना पत्र लिहून सरळ विचारलं, की ज्याला आकारच नाही ते मन हाताला ढकलतं कसं? देकार्तनी पुढे मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीकडे बोट दाखवलं. ती ग्रंथी झोपेशी संबंधित मेलाटोनिन बनवते, हे आता माहीत आहे. एलिझाबेथचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

सांख्यांनी रेघ दुसरीकडे मारली. त्यांच्या २५ तत्त्वांपैकी एक पुरुष, म्हणजे निव्वळ जाणीव. उरलेली २४ प्रकृतीची, म्हणजे जड सृष्टीची, आणि त्यांत बुद्धी, अहंकार, मन हे हात-पाय-कान-डोळ्यांसोबतच मोजलेले आहेत. तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश पाहा: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. मन तिसऱ्या थरावर आणि तोही एक कोशच. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात शरीर आणि मन हे दोन्ही रोगांचे आश्रय म्हटले आहेत.

याचा परिणाम मोठा आहे. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या कवटीतून सुरुंगाची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव इतका पालटला की मित्र म्हणाले, हा आपला गेज नव्हे. मन म्हणजे आत्मा मानणाऱ्याला ही घटना अडचणीत टाकते. सांख्याला टाकत नाही. पहार प्रकृतीची, बुद्धीही प्रकृतीची, एकीने दुसरी मोडली. म्हणूनच नैराश्यावर गोळी लागू पडते हे ऐकून अध्यात्माला धक्का बसल्यासारखं वागायचं कारण नाही.

खरा मतभेद त्या पंचविसाव्या तत्त्वावर आहे. तांबडा रंग पाहताना मेंदूतला कोणता भाग चेततो हे यंत्रावर दिसतं. पण त्यासोबत ‘मला दिसतंय’ ही आतली जाणीव मुळात का असते? डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये याला चेतनेचा ‘अवघड प्रश्न’ असं नाव दिलं. वेदान्त म्हणतो जाणीव आधी, बाकी सगळं नंतर. विज्ञान मेंदूपासून सुरुवात करतं आणि उत्तर अजून हाती नाही. आपल्याकडे चार्वाकांनी तर तेव्हाच सांगून टाकलं होतं, की धान्य आंबलं की जशी नशा तयार होते, तशी भूतं, म्हणजे माती-पाणी-अग्नी-वारा ही मूळ तत्त्वं, एकत्र आली की चेतना. म्हणजे अध्यात्म विरुद्ध विज्ञान हा वाद परदेशातून आलेला नाही, घरचाच आहे. आणि क्वांटम भौतिकीने आत्मा सिद्ध केला असं कुणी व्यासपीठावरून सांगत असेल, तर ते खुशाल कानाआड करावं.

श्वास: जिथं दोघं एकाच धाग्याला हात घालतात

हृदयाची गती, पचन, घाम यांच्यावर आपला थेट ताबा नाही. श्वास आपोआपही चालतो आणि ठरवूनही चालवता येतो. म्हणून दोन्ही परंपरांनी तिथूनच सुरुवात केली.

योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं ३० वं सूत्र चित्ताचे नऊ अडथळे सांगतं, त्यांतला पहिला व्याधी. ३१ व्या सूत्रात त्यांच्यासोबत काय येतं ते आहे: दुःख, खिन्नता, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. घबराटीच्या झटक्याचं इतकं नेटकं वर्णन क्वचितच सापडेल. ३४ वं सूत्र एक उपाय सांगतं: श्वास बाहेर सोडणं आणि रोखणं. सोडण्याचा उल्लेख पहिला आहे, आणि शरीरशास्त्राने पाहिलं तरी जोर तिथंच पडतो. श्वास घेताना हृदय किंचित जोरात चालतं, सोडताना व्हेगस नस त्याला आवरते. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेतला-सोडला तर तरुण माणसाला हा फरक नाडीत जाणवतोसुद्धा.

सावकाश म्हणजे किती? मोठा माणूस बसल्या जागी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब मोजणाऱ्या तंतूंकडून मेंदूला आणि मेंदूकडून हृदयाला, असं रक्तदाबाचं जे आवर्तन चालतं, त्याला साधारण १० सेकंद लागतात. श्वासही १० सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला ६, तर दोन्ही लयी जुळतात. इटलीत लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांकडून लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ओम मणिपद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींमध्ये श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी ही व्यवस्था जास्त संवेदनशील झाली. देव दोन वेगळे, लय एक.

आपल्याकडे सज्जनगडावर किंवा घरच्या देवघरात म्हटले जाणारे मनाचे श्लोक याच मापात बसतात. वृत्त भुजंगप्रयात, प्रत्येक चरणात १२ अक्षरं, २० मात्रा. घाई न करता म्हटलं तर एका चरणाला चार सेकंद. दोन चरण एका श्वासात म्हणायचे, मग नाकाने श्वास भरायचा, की झाले दहा सेकंद. गोंदवल्याचा तेरा अक्षरी रामनामाचा जपही एका उच्छ्वासात सावकाश दोनदा बसतो. मात्र सकाळच्या घाईत १०८ ची संख्या उरकायची म्हणून भरधाव जप केला तर श्वास उलट तुटक होतो. त्याचं पुण्य काय ते ज्याचं त्याने ठरवावं; रक्तदाबाला त्याचा उपयोग नाही.

नुसत्या श्वासाने करायचं असेल तर जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत. खुर्चीत किंवा सतरंजीवर बसावं, पाठ सरळ पण ताठरलेली नको, एक हात बेंबीवर. नाकाने चार आकडे मोजत घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. हात वर-खाली व्हावा, खांदे नव्हे. दहा मिनिटं, रोज. चार-सहा जड जात असेल तर पहिला आठवडा तीन-चार करावं. श्वास रोखण्याची गरज नाही.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे ‘सावकाश’ऐवजी ‘मोठा’ श्वास घेणं. छाती फुगवून भरभरून श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात, कधी हात वाकडे होतात. शिबिरात हे झालं की कुणी म्हणतं कुंडलिनी जागी झाली, कुणी म्हणतं अटॅक आला. दोन्ही नाही. थांबावं, तोंड मिटून नेहमीसारखा श्वास घ्यावा, काही मिनिटांत ओसरतं. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा जुना उपाय करू नये. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो घातक ठरतो.

कपालभाती आणि भस्त्रिका हा निराळा प्रकार, वेग वाढवणारा. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांत तो नको. काही माणसांना डोळे मिटून श्वासाकडे पाहिलं की भीती उलट वाढते. त्यांनी मोठ्याने म्हणावं किंवा चालावं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले, त्यात तर श्वास आणि हालचाल एकत्रच बांधलेली आहे. पूर्वी स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा त्रास झालेल्यांनी दहा-दहा दिवसांच्या मौन शिबिराला आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावं. आणि अशा सरावाने रक्तदाब काही अंकांनी उतरतो, एवढंच. त्या भरवशावर गोळी बंद करणारे लोक पुढे पक्षाघात घेऊन येतात.

अंगारा, साप आणि विश्वास

अंगारा लावल्यावर डोकं थांबतं, हे खोटं नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. काहींचं दुखणं कमी झालं. मग अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवणारं नॅलोक्सोन दिल्यावर तो आराम गेला. म्हणजे विश्वासाने मेंदूने स्वतःचीच वेदनाशामकं सोडली होती. वेदना, मळमळ, झोप, थकवा या गोष्टींवर हे चालतं, कारण त्या मेंदूच्या हद्दीत आहेत. क्षयाचा जंतू, कर्करोगाची गाठ, मोडलेलं हाड यांना विश्वासाचं काही पडलेलं नसतं.

सर्पदंशात ही हद्द फार स्पष्ट दिसते. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे नागाचं कौतुक सांगली जिल्ह्याला नवं नाही. पण चावणारे बरेच साप बिनविषारी, आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. अशा दंशानंतरही भीतीने माणूस घामाघूम होतो, गळून पडतो, शुद्ध हरपते. मांत्रिकाने उतारा केला की उठून बसतो, आणि मांत्रिकाची ख्याती वाढते. खरं विष असेल तर लक्षणं निराळी: नाग-मण्यारात पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो, घोणस-फुरशात सूज, हिरड्यांतून रक्त. मण्यार तर रात्री झोपेत चावते आणि दुखतही नाही, त्यामुळे शांत पडलेला माणूस सुरक्षित आहे असंही नसतं. बघून ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येक दंशाला दवाखाना. तिथं काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस वर्गातलं विष समजतात. भारतातलं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. वाटेत घट्ट आवळून बांधू नये, चिरू नये, चालवू नये. अवयव लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवावा. ‘काही होत नाही, गाडी निघाली आहे’ हे शांतपणे सांगणं हा मनाचा उपचार, आणि तोही खराच, पण गाडीत बसल्यावर. दंश झालेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे.

मांढरदेवच्या काळूबाईच्या जत्रेत किंवा घरच्या गोंधळात अंगात येतं, तेही या हद्दीतलंच. उपास, गर्दी, ऊन, डफ-हलगीचा ठेका, वेगाने चाललेला श्वास, आणि आजूबाजूच्या सगळ्यांची अपेक्षा. जाणिवेचा धागा काही काळ सुटतो. हे नाटक नव्हे, आणि त्यासाठी देवी मानावी लागते असंही नाही. रूढीचा भाग म्हणून येणारं, आपोआप उतरणारं अंगात येणं आजाराच्या आंतरराष्ट्रीय यादीत आजार धरलेलं नाही. पण ते घरी, नको तेव्हा, वारंवार येत असेल, त्याने काम-संसार अडत असेल, तर तो उपचाराचा विषय. अशा बाईला घरात बोलायची दुसरी सोय आहे का, हेही पाहावं, बहुतेकदा नसते. जीभ कडेला चावली जाणं, कपड्यात लघवी होणं, पडून लागणं असेल तर फीट समजून मेंदूच्या डॉक्टरकडे न्यावं. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर वाट न पाहता दवाखाना. तोंडात चमचा, चप्पल, कांदा काही नको, फक्त कुशीवर वळवावं.

मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्यांविषयीही थोडं. नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात लागू होत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाटते, आणि नेमकं तेव्हाच लोक ती सोडतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. ते लागतं अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांचं, ज्या कुठल्याशा जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं घेतल्या जातात. दोन्ही प्रकार एकदम बंद करू नयेत, डोस उतरवत न्यावा लागतो. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला त्या दिवशी एकटं सोडू नये आणि शेतावरच्या फवारणीच्या औषधांची खोली कुलपात ठेवावी.